मदत हवी आहे: सीटीत स्वादुपिंडाची गाठ दिसत नाही, पुढे एमआरआय की एंडोस्कोपिक सोनोग्राफी?

मंडळी, मामांसाठी विचारतोय, वय 62. आधी कधी शुगर नव्हती ती अचानक निघाली, वजन उतरत चाललं होतं, त्यात डोळे पिवळे झाले आणि अंगाला खाज सुटली म्हणून दाखवलं. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली, पण गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलंच नाही. मग सीटी केला, त्यात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी दोन्ही फुगल्यात, स्वादुपिंडाच्या डोक्याच्या (ड्युओडेनमकडच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीकडच्या) भागात येऊन एकदम थांबतात, तरी गाठ दिसत नाही असा रिपोर्ट.

आता एक डॉक्टर म्हणतात एमआरआय-एमआरसीपी (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारा एमआरआय) करा, दुसरे म्हणतात थेट एंडोस्कोपिक सोनोग्राफी, आणि कावीळ वाढतेय म्हणून आधी स्टेंट (पित्त वाहतं ठेवायला पित्तनलिकेत बसवायची बारीक नळी) टाकायचं पण चाललंय.

मी जे वाचलं त्यावरून मला पहिली शंका सीटीचीच येते. स्वादुपिंडासाठी वेगळा प्रोटोकॉल असतो ना, कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण 40-45 सेकंदांनी एक फेरी, तेव्हा स्वादुपिंड उजळतं आणि गाठ बहुतेक वेळा काळपट राहते, मग 70 सेकंदांच्या आसपास दुसरी, त्यात शिरा आणि लिव्हर. मामांच्या रिपोर्टात नुसतं 'कॉन्ट्रास्ट दिला' एवढंच आहे. हे सीडीवरून कळतं का, का सीटी परत करायला सांगावा? शिवाय काही गाठी आजूबाजूच्या भागाइतक्याच उजळतात आणि सीटीत लपून जातात म्हणे, त्यामुळे 'गाठ नाही' या वाक्यावर माझा जीव बसत नाही.

एमआरआयमध्ये नळ्या आणि लिव्हरवरचे बारीक डाग चांगले दिसतात हे समजलं. पण एंडोस्कोपिक सोनोग्राफीत जठर-ड्युओडेनममधून अगदी जवळून बघतात, 2 सेंमीपेक्षा लहान गाठही सापडू शकते आणि त्याच वेळी सुई घालून तुकडा घेता येतो, म्हणून माझा कल तिकडे आहे. फक्त ते करणाऱ्याच्या हातावर खूप अवलंबून असतं ना? पेट स्कॅन आत्ता नको वाटतो, लहान गाठ सुटू शकते आणि नुसती सूजही चमकते. सीए 19-9 (स्वादुपिंडाच्या कॅन्सरची शंका असली की बघतात ती रक्ततपासणी) वाढलंय, पण ते काविळीतही वाढतं.

सगळ्यात घाईचं म्हणजे स्टेंट. एकदा तो बसला की फोटोत त्याची सावली येते, वर ईआरसीपीनंतर (तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट टाकतात ती प्रक्रिया) स्वादुपिंडाला सूज आली तर पुढचं काही धड दिसणार नाही. पित्तनलिकेत इन्फेक्शन झाल्यासारखी ताप-थंडी अजिबात नाहीये. मग सगळे स्कॅन उरकून स्टेंट टाकूया असं डॉक्टरांना म्हटलं तर चालेल का? रेडिओलॉजी किंवा गॅस्ट्रोवाले कोणी असतील, किंवा घरात कोणाचं असं झालं असेल, तर प्लीज आजच्या आज लिहा, उद्या सकाळी स्टेंटचं ठरवायला बोलावलंय.