कॅरव्हॅन बघायला जाताना हातोडी आणि पाण्याची नळी न्या

(घरचा ग्रुप, शनिवार रात्र)

दादा (चिपळूण): मंडळी, फोटो बघा. गाडीमागे ओढायची कॅरव्हॅन, सेकंड हँड. चार जण झोपतील, आत ओटा, फ्रिज, पंखा सगळं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन गुहागरपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत जायचं मनात आहे. मालक म्हणतो अजून दोघे बघून गेलेत, उद्या टोकन दिलं तर माझी. नाना, काय म्हणता?

वहिनी: पडदे आणि ओटा बघून मी तर हो म्हटलं 😊

नानाकाका (रत्नागिरी): बाबू, टोकन देऊ नकोस. बारा फोटो पाठवलेस, त्यात एकही खालून काढलेला नाही. उद्या सकाळच्या गाडीने येतो, दोघे मिळून बघू. हातोडी, बॅटरी आणि बागेची नळी काढून ठेव.

दादा: नळी कशाला?

नानाकाका: पाऊस पाडायला.

(रविवार दुपार)

नानाकाका: सगळ्यांसाठी सविस्तर लिहितो, म्हणजे पुढेही कोणाला उपयोग होईल. मिरकरवाडा बंदरात आयुष्यभर ट्रॉलरची इंजिनं उघडली. खारं पाणी लोखंडाचं काय करतं ते मला कोणी सांगायला नको. कॅरव्हॅनही तशीच. ती चालून जेवढी झिजत नाही तेवढी ओलीने आतून मरते.

बाहेरून गाडी चकचकीत होती. चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, नुकताच काळा रंग मारलेला. जुन्या गाडीखाली ताजा रंग दिसला की मी आधी हातोडी घेतो. हलकेच ठोकायचं. चांगल्या लोखंडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बद्द. मागच्या बाजूला दोन ठिकाणी बद्द आला आणि रंगाखालून गंजाचे पापुद्रे हातात आले.

मग बाजूचा पत्रा. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, स्क्रू लोखंडी. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारी ओल, की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. स्क्रूभोवती पिठासारखी पांढरी पूड दिसते. समुद्राकडच्या बाजूला जवळपास प्रत्येक स्क्रूभोवती ती होती. नखाने उकरलं तर स्क्रूचं भोक मोठं झालेलं. तिथून पाणी आत जाणारच.

आत गेल्यावर पावलाच्या टाचेने जमीन दाबत गेलो. दाराजवळ आणि ओट्याखाली प्लाय दबत होतं. भिंतीवर टिचक्या मारल्या तर कोपऱ्यात फुगा आलेला, म्हणजे आतला थर सुटलाय. छताच्या सांध्यावर सिलिकॉनवर सिलिकॉन, तीन थर तरी असतील. एकदा नीट भरलेला सांधा वाईट नाही, पण तीनदा भरलेला म्हणजे गळती कुठून आहे तेच कोणाला सापडलं नाही.

नळी लावू का विचारलं तर मालक म्हणाला, आत नवीन गाद्या आहेत, भिजतील. मग मी कसला पाऊस पाडतोय 😊

आणि शेवटी ड्रॉवर. बाबूने ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला, मी बॅटरी मारली. खालच्या पट्टीत पिवळट राखाडी बारीक गाळ, वाळून घट्ट बसलेला. प्लगची चौकट सैल केली, मागेही तोच. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर आपण सगळे ताईच्या तिथल्या घरातला गाळ काढायला गेलो होतो, आठवतंय ना? तोच गाळ. गाडी पाण्यात उभी होती. मालकाने स्वतः कोणाकडून तरी घेतलेली असेल, त्याला खोटं म्हणत नाही. पण बुडालेल्या गाडीतली वायरिंग आणि चाकांची बेअरिंगं कधी दगा देतील सांगता येत नाही, आणि त्यात मुलं झोपणार आहेत.

वहिनी: नाना, बरं झालं तुम्ही आलात. 🙏

दादा: टोकन दिलं नाही. पण मन लागलं होतं हो नाना, मुलांना सांगूनही टाकलं होतं.

आई: मुलांची समजूत मी काढते.

मामा (मालवण): झिला, घेतलंस तरी पावसात खंय ठेवतलस ता आधी सांग. जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलंस तर पुढच्या दिवाळीक दार उघडूचा नाय. आमच्या खळ्यात ठेव, पण वर पत्रे घालूचे लागतले.

नानाकाका: मामांचं खरं आहे. प्लास्टिक अंगाला गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. वर पत्रा आणि चारही बाजूंनी वारा पाहिजे.

ताई (पुणे): नाना, मला एक सांगा, दादाची गाडी तिला ओढेल का पण? ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाट उतरताना मला भीती वाटते.

नानाकाका: ताई, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. गाडीच्या पुस्तकात किती वजन ओढता येतं ते लिहिलेलं असतं, तिथूनच सुरुवात करायची. आणि रिकाम्या कॅरव्हॅनचं वजन धरायचं नाही. ६० लिटरची टाकी भरली की ६० किलो वाढले. वर बॅटरी, सिलिंडर, अंथरुणं, खाऊचे डबे. सगळं भरून मग वजनकाट्यावर न्यायची, जिथे चिऱ्याचे ट्रक मोजतात तिथे. एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर यायला हवा. सामान मागे भरलं आणि पुढे भार कमी पडला की कॅरव्हॅन रस्त्यावर शेपटीसारखी हलायला लागते, मग सावरणं कठीण. घाटात उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. हुकाला सुरक्षेची साखळी असलीच पाहिजे.

छोटू: आणि टायर? तिचे टायर तर नवे दिसत होते.

नानाकाका: नक्षी नवी, टायर जुना. बाजूला चार आकडे असतात. तिथे ३११७ होतं, म्हणजे २०१७ चा ३१ वा आठवडा. कॅरव्हॅन फार फिरत नाही म्हणून नक्षी झिजत नाही, पण एका जागी उभी राहून रबर तडकतं.

दादा: कागदपत्रांचं काय बघायचं?

नानाकाका: अशा ओढायच्या गाडीला, म्हणजे ट्रेलरला, स्वतःचं आरसी (नोंदणीपत्र) असतं. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेल्या, पासिंग नसलेल्या गाड्याही विकायला येतात, त्यांच्याकडे बघूही नकोस. चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेऊन आरसीशी ताडून बघ. बँकेचा बोजा आहे का बघ. नावावर करताना फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली असेल तर एनओसी.

वहिनी: आणि गॅस? झोपायच्या जागेतच शेगडी आहे म्हणून विचारते.

नानाकाका: वहिनी, याबाबतीत मी कोणाचंच ऐकणार नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला बाहेर उघडणारं भोक हवं. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बघायचा. सिलिंडरच्या गळ्यावर बी-२७ असं लिहिलेलं असेल तर तपासणी एप्रिल ते जून २०२७ पर्यंत. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद, आणि एक खिडकी थोडी उघडी.

मामा: आणि पुळणीर गाडी घालू नको रे. भरतीचा पाणी विचारून येणा नाय. अंडी घालूक कासवांपण थंयच येतत.

नानाकाका: हो. आणि फेरीने जाणार असाल, दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ, तर ओहोटीच्या वेळी जाऊ नका. धक्क्याचा उतार उभा होतो, कॅरव्हॅनचं मागचं टोक खाली घासतं. वाडीतल्या पाखाडीच्या (अरुंद दगडी वाटेच्या) तोंडाशी गडग्यांमध्ये, म्हणजे दगडी कुंपणांमध्ये, अडकलात तर रिव्हर्सही सोपा नाही, स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. म्हणूनच सांगतो, मोठी घेऊ नका. एका जोडीच्या चाकांची, लहान, दोन मोठे दोन लहान झोपतील एवढी बास. स्वयंपाक बाहेर तंबूतही होतो.

दादा: लांज्यात एक आहे. लहान, एक अ‍ॅक्सल. फोटोत खालचा भाग दिसतोय, रंग मारलेला नाही, थोडा गंज आहे. मालकाला फोनवर विचारलं नळी लावून बघू का. म्हणाला, या, विहिरीवर पंप आहे.

नानाकाका: रंग न मारलेला गंज परवडला रे. कधी जायचं?

दादा: रविवारी सकाळी सात वाजता निघू. वहिनी आणि मुलंही येतायत.

नानाकाका: मुलांना आत दारं लावून बसवू आणि वरून पाणी सोडू. पहिला थेंब कुठे पडतो ते त्यांनाच शोधायला सांगू. नळी माझ्याकडे पंधरा मीटरची आहे, ती आणतो.