2.4 मीटरच्या बोआला पेटी केवढी हवी?

पाळीव बोआ सापाच्या पेटीबद्दल कोणीतरी "पेटीची लांबी अधिक रुंदी सापाच्या लांबीएवढी भरली की झालं" असं लिहिलंय. त्या हिशेबाने 2.4 मीटरच्या बोआला 160 बाय 80 सेंटीमीटरची पेटी पुरते, पण तिच्यात त्याला कधीच सरळ पसरता येणार नाही. लांब बाजू किमान सापाएवढी हवीच. 240 लांब, 120 रुंद ठेवा. उंचीही 120 जमली तर फारच छान, जाड फांदी मिळाली की बोआ चढतो.

खरी अडचण तापमानाची. एका टोकाला दिव्याखाली 32 ते 34 अंश, दुसऱ्या टोकाला 25 च्या आसपास हवं. आखूड पेटीत दोन्ही टोकं तापतात, मग साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो आणि आपल्याला वाटतं, कात टाकायला आलाय. दिव्याला थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र) आणि भोवती जाळी लावाच. उघड्या बल्बला साप वेटोळं घालतो आणि पोट भाजून घेतो.

पिल्लू मोठ्या पेटीत बुजतं ते आडोसा नसल्यामुळे. दोन्ही टोकांना अंगासरशी बसेल अशी लपायची जागा आणि मध्ये सालींचा, पानांचा आडोसा दिला की ते नीट खायला लागतं. सरकत्या काचांना मात्र कुलूप हवं. बोआ नाकाने काच सहज ढकलतो.