शाळेत सगळ्यांना सामावून घेणं एका दिवसाच्या कार्यक्रमापलीकडे कसं न्यायचं?

प्रश्न: सहावीची वर्गशिक्षिका

नमस्कार. आमच्या शाळेने समता आणि समावेशनाचा वर्षभराचा आराखडा करायचं ठरवलंय आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलंय. बैठकीत पहिली सूचना आली ती एका खास दिवसाची: पोस्टर, भाषणं, वेगवेगळे पोशाख. मुलं रमतील, माझा विरोध नाही. पण माझ्या वर्गात एक मुलगी दुसऱ्या माध्यमातून आली आहे. मधल्या सुट्टीत ती वाचनालयाच्या पायरीवर एकटीच असते. एका मुलाला श्रवणयंत्र आहे. गटकार्यात त्याच्या वाट्याला दर वेळी चित्र रंगवणं येतं. फीमाफीच्या मुलांची नावं अर्जासाठी भर वर्गात पुकारली जातात. त्या एका दिवसाने या मुलांच्या पदरात काय पडणार?

रोजच्या तासांत, जादा शिक्षक न मागता काय करता येईल? तुमच्याकडे टिकलेलं काही असेल तर सांगा.

उत्तर: विज्ञानाचा शिक्षक

ताई, गटकार्यापासूनच सुरुवात करा. मुलांना एका बाकाभोवती बसवलं की आपोआप मैत्री होते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एक जण लिहितो, दोघं गप्पा मारतात आणि उरलेल्याला रंगपेटी मिळते. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी व्हायचे असतील, तर त्या कामात सगळ्यांचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा हवा. तुमचा रंगकामवाला मुलगा पहिल्याच अटीशी अडलाय.

यावर मला सगळ्यात उपयोगी वाटते ती जिगसॉ पद्धत, म्हणजे धड्याचे तुकडे वाटून मुलांनी एकमेकांना शिकवायचं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वातावरण तापलेलं होतं. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे ही पद्धत बसवली.

समजा पचनसंस्था शिकवायची आहे. पाच-पाच मुलांचे गट करा. एकाला फक्त तोंड आणि अन्ननलिका, दुसऱ्याला जठर, तिसऱ्याला लहान आतडं, चौथ्याला यकृत आणि स्वादुपिंड, पाचव्याला मोठं आतडं. कागद ज्याचा त्याच्याकडेच. मग सगळ्या गटांतली जठरवाली मुलं एकत्र बसून वाचतात, एकमेकांना समजावतात, आणि आपापल्या गटात परत जाऊन शिकवतात. शेवटी प्रश्नपत्रिका पूर्ण धड्यावर, प्रत्येकाने एकट्याने सोडवायची. जठराची माहिती त्या एकाच मुलाकडे असल्यामुळे त्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. भाषेत अडखळणाऱ्या मुलीला मधल्या बैठकीत वाक्यांची तालीम मिळते, हा मोठा फायदा. सुरुवातीला कुणी चिडवेल, तेव्हा शेजारी उभं राहून एवढंच म्हणायचं: ‘तिला प्रश्न विचारा, हा भाग तिच्याकडेच आहे.’

उत्तर: श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलीची आई

मॅडम, त्या मुलाबद्दल कळकळीने लिहिते. श्रवणयंत्र लावलं की सगळं नीट ऐकू येतं, असं लोकांना वाटतं. ते सरकणाऱ्या बाकाचा आवाजही मोठा करतं. गटकार्यात चार जण एकदम बोलू लागले की माझी मुलगी नुसती मान हलवते, आणि ‘कळलं का?’ विचारलं तर हो म्हणते. म्हणून ‘मी काय सांगितलं ते सांग बघू’ असं विचारा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. खिडकीला पाठ करूनही नको, चेहऱ्यावर अंधार येतो आणि ओठ दिसत नाहीत. मागच्या बाकावरून कुणी उत्तर दिलं तर ते तुम्ही पुन्हा म्हणा. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोपणं बसवा. जिगसॉ करताना त्याचा गट कोपऱ्यात घ्या आणि बोलणाऱ्याने आधी हात वर करायचा हा नियम सगळ्या वर्गाला लावा, म्हणजे तो त्याच्या एकट्यासाठी केलेला राहत नाही.

हे कुणाच्या मर्जीवर सोडायचं काम नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं २४ वं कलम समावेशक शिक्षणाबद्दलच आहे, आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी करून देणं त्यात स्पष्ट सांगितलंय.

उत्तर: एक पालक

हेतू चांगला आहे, पण नियम सगळ्यांना एकच असावा असं मला वाटतं. काही मुलांकडे जास्त लक्ष दिलं तर बाकीच्यांवर अन्याय नाही का?

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापिका

दादा, काळजी रास्त आहे. पण वर सुचवलेल्या गोष्टींत कुणाचं काय कमी होतं? शिक्षकाने वर्गाकडे तोंड करून बोललं तर सगळ्यांनाच स्पष्ट ऐकू येतं.

ताई, फीमाफीची नावं पुकारणं मात्र उद्याच बंद करा. त्याला आराखड्याची वाट पाहू नका. अर्ज बंद पाकिटात सगळ्याच मुलांबरोबर घरी पाठवायचे, ज्यांना गरज आहे ते भरून थेट कार्यालयात देतील. अर्जावर ‘वडिलांचे नाव’ ऐवजी ‘पालकाचे नाव’ छापा. आई, आजी किंवा संस्था सांभाळत असलेल्या मुलाला ती रिकामी ओळ दर वर्षी टोचते. आणि महिनाभर एक वही ठेवा: प्रश्न कुणाला विचारला, फळ्यावर कुणाला बोलावलं, पाहुण्यांसमोर कोण उभं राहिलं. काही नावं वहीत एकदाही येणार नाहीत. आराखडा त्या नावांपासून लिहा.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाकिटांचं कार्यालयात आजच बोलले, ते तयार आहेत. सर, एक शंका: वर्गात पंचेचाळीस मुलं आहेत, आणि रोज कुणी ना कुणी गैरहजर असतं. जठरवालाच आला नाही तर?

विज्ञानाचा शिक्षक

पाच-पाचचे नऊ गट होतील. एका भागाची नऊ मुलं एकत्र बसवू नका, त्यात दोघं-तिघंच बोलतात. चार आणि पाच अशी फोड करा. कुणी गैरहजर असेल तर त्या गटाला जठराच्या वेळेपुरतं शेजारच्या गटात सरकवा, तिथला मुलगा दोघांनाही समजावेल. पहिल्यांदा छोटा धडा घ्या, एका तासात संपणारा.