मदत हवी आहे: प्रिन्स, एज २, एनएफएस २, आयजीआय आणि व्हाइस सिटी विंडोज ११ वर

जुना_कळफलक:
आयुष्यभराचे आवडते पाच गेम एका लॅपटॉपवर बसवायचे आहेत. इंटेल आय५, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, स्क्रीन १४४ हर्ट्झ, कीबोर्डला न्यूमपॅड नाही. सगळ्या सीडी ओरिजिनल आहेत, यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आहे. सध्याची अवस्था अशी:

प्रिन्स ऑफ पर्शिया (डॉसचा, १९९०) डबल क्लिक केल्यावर 'हे ॲप या पीसीवर चालणार नाही' म्हणतो. एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९) चालतो, पण गवत आणि पाणी जांभळं-लाल दिसतं. नीड फॉर स्पीड २ एसई (१९९७) चा सेटअपच उघडत नाही. प्रोजेक्ट आयजीआय (२०००) काळा पडदा दाखवून बंद होतो. व्हाइस सिटी (२००३) चालतो, पण माउस मेलेला.

कंपॅटिबिलिटी मोडमध्ये विंडोज ९८ आणि एक्सपी दोन्ही लावून झालं, काही फरक नाही.

पिक्सेलपंत:
कंपॅटिबिलिटी मोड या पाचांपैकी एकाचाही खरा इलाज नाही. विंडोजची आवृत्ती कुठली, असं गेमने विचारलं की तो खोटं उत्तर देतो आणि थोडंफार इकडेतिकडे सांभाळतो, बस. प्रत्येक गेम वेगळ्या जागी अडलाय. एकच औषध सगळ्यांना देऊ नका.

आधी प्रिन्स, कारण तो सर्वात सोपा. तो १६ बिटी प्रोग्राम आहे. ६४ बिटी विंडोजमध्ये १६ बिटी प्रोग्राम चालवणारा भागच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटीच येतं. म्हणून डॉसबॉक्स, म्हणजे विंडोजच्या आत जुना डॉसचा पीसी उभा करणारा प्रोग्राम. गेमचं फोल्डर 'डी:\डॉस\प्रिन्स' असं ठेवा आणि प्रिन्सची एक्झी फाइल उचलून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडा, लगेच चालू होईल. कायमची सोय हवी असेल तर डॉसबॉक्सच्या सेटिंग्जच्या कॉन्फ फाइलच्या शेवटी 'ऑटोएक्झेक' विभाग असतो, त्यात माउंटची (गेमचं फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडणारी) ओळ आणि खाली गेमचं नाव लिहून ठेवा.

त्याच फाइलमध्ये सायकल्स, म्हणजे नकली पीसीचा वेग, ३००० वर बांधून टाका. कमी-जास्त करायला कंट्रोल+एफ११ आणि कंट्रोल+एफ१२. तुमच्या लॅपटॉपवर या कळा आवाज नाहीतर ब्राइटनेसला दिलेल्या असतील, मग सोबत एफएन दाबावी लागेल. पूर्ण पडद्यासाठी आल्ट+एंटर. 'आस्पेक्ट' ट्रू केलं नाही तर राजपुत्र बुटका आणि रुंद दिसतो, कारण ३२० गुणिले २०० चं चित्र मुळात ४:३ च्या मॉनिटरसाठी होतं.

सेव्हगेम_सदाशिव:
एज २ चं जांभळं पाणी हा २५६ रंगांचा घोळ आहे. हा गेम ८ बिटी रंगपट वापरतो. विंडोज ७ च्या काळात एक्सप्लोरर तोच रंगपट मधेच बदलायचा, म्हणून लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून खेळायचे. आता ते कशाला? 'सीएनसी-डीड्रॉ' घ्या, हा रॅपर आहे, म्हणजे जुन्या गेमचं चित्र काढणं आजच्या विंडोजला जमेल असं करून देणारा मधला दुभाषा. झिपमधली डीड्रॉ.डीएलएल, तिची आयएनआय फाइल आणि शेडर्सचं फोल्डर, सगळं गेमच्या एक्झीशेजारी टाका. रंग सुधारतात आणि आल्ट+टॅब केल्यावर गेम कोसळणंही बरंच थांबतं. काँकरर्स (एज २ ची पुरवणी) टाकलं असेल तर त्याची एक्झी वेगळ्या फोल्डरमध्ये असते, तिथेही या फाइली लागतील.

मल्टिप्लेअरसाठी 'टर्न विंडोज फीचर्स ऑन' मध्ये लेगसी कंपोनंट्सखाली डायरेक्टप्ले (जुन्या गेमचं नेटवर्कवर खेळणं सांभाळणारा भाग) असतं, तिथे टिक करा.

जुना_कळफलक:
प्रिन्स आणि एज दोन्ही चालले, रंग अगदी बरोबर. आता हीच डीड्रॉ फाइल आयजीआयच्या फोल्डरमध्ये टाकू का?

पिक्सेलपंत:
नको. सीएनसी-डीड्रॉ द्विमितीय गेमसाठी आहे. आयजीआय डायरेक्टथ्रीडीच्या (विंडोजच्या त्रिमितीय चित्रांच्या भागाच्या) जुन्या आवृत्तीवर चालतो, त्याला डीजीवूडू २ हा दुसरा रॅपर लावा. त्याच्या 'एमएस' फोल्डरमध्ये 'एक्स८६' आहे. लॅपटॉप ६४ बिटी असला तरी गेम ३२ बिटी आहे, त्यामुळे 'एक्स६४' मधलं काही उचलू नका. निम्मे लोक इथेच चुकतात. डीड्रॉ आणि डीथ्रीडीइम या दोन डीएलएल आणि कंट्रोल पॅनलची एक्झी आयजीआयच्या फोल्डरमध्ये ठेवा. कंट्रोल पॅनल उघडून डायरेक्टएक्स टॅबवर व्हीरॅम २५६ एमबी करा. काही जुने गेम मोठा आकडा वाचताना उणे समजतात आणि 'मेमरी अपुरी' म्हणून बंद पडतात. वॉटरमार्कची टिक काढा, स्केलिंगला प्रमाण राखून ताणणारा पर्याय निवडा.

एक ध्यानात ठेवा: दोन्ही रॅपरमधल्या फाइलीचं नाव डीड्रॉ.डीएलएलच आहे. एका फोल्डरमध्ये एकच राहू शकते. जुनी खोडू नका, नाव बदलून ठेवा.

आणि आयजीआयला मोहिमेच्या मध्ये सेव्ह नाही, हे तुम्हाला माहीत असणारच. त्यामुळे पहिल्याच मोहिमेत पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे फिरून स्थिरता तपासा. तेराव्या मोहिमेच्या शेवटी गेम कोसळला तर लॅपटॉप खिडकीबाहेर जाईल.

गिअर_पाचवा:
एनएफएस २ एसईचं. त्या काळातल्या बऱ्याच सीडींवर गेम ३२ बिटी, पण सेटअपचा प्रोग्राम १६ बिटी असायचा. म्हणून सेटअप उघडत नाही. सीडीवरचा गेमचा डेटा हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्या गेमसाठी चाहत्यांनी केलेला पॅच वापरा, त्यात सेटअपला वळसा घातलेला असतो. फोल्डर 'प्रोग्राम फाइल्स' मध्ये नको. तिथे लिहायची परवानगी नसते, विंडोज गुपचूप दुसरीकडे लिहितं आणि मग विक्रम कुठे गेले ते सापडत नाही. 'डी:\गेम्स' बरं.

एसईची खरी मजा थ्रीडीएफएक्स (त्या काळची त्रिमितीय ग्राफिक्स कार्डं) आवृत्तीत: धुकं, काचेवर आपटणारे किडे. साध्या मोडमध्ये ते दिसत नाहीत. डीजीवूडूच्याच 'थ्रीडीएफएक्स' फोल्डरमधल्या ग्लाइड (त्या कार्डांची भाषा) डीएलएल त्यासाठी आहेत, पुन्हा 'एक्स८६' मधल्याच.

एक्सबॉक्स पॅड लावणार असाल तर: जुन्या डायरेक्टइनपुटला (विंडोजच्या पॅड-कीबोर्ड वाचणाऱ्या भागाला) त्याचे दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर दिसतात. गॅस आणि ब्रेक एकत्र दाबले की बेरीज शून्य, गाडी नुसतीच घरंगळते. ट्रिगरना कीबोर्डच्या कळा नेमून द्या, अँटीमायक्रोएक्स या प्रोग्रामने होतं.

सेव्हगेम_सदाशिव:
व्हाइस सिटीचा माउस: डॉक्युमेंट्समध्ये 'जीटीए व्हाइस सिटी यूझर फाइल्स' फोल्डर आहे, त्यातली 'सेट' एक्स्टेंशनची फाइल खोडा. सेव्ह फाइलींना हात लावू नका. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये वळवलेलं असेल तर फोल्डर तिथे सापडेल. माउस पुन्हा मेला तर सायलेंटपॅच हा चाहत्यांचा दुरुस्ती पॅच टाका, रोज फाइल खोडत बसण्यापेक्षा ते बरं.

गेमच्या सेटिंगमधला फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं काढायची याची मर्यादा) चालूच ठेवा. तुमच्या १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर तो बंद करण्याचा मोह होईल, पण या गेमचं भौतिकशास्त्र फ्रेमच्या वेगाला बांधलेलं आहे. गाड्या विचित्र वागायला लागतात.

जुना_कळफलक:
माउस जिवंत झाला. पण न्यूमपॅड नाही, मग 'डिमॉलिशन मॅन' मोहिमेतलं रिमोटचं हेलिकॉप्टर कसं वळवायचं?

सेव्हगेम_सदाशिव:
कंट्रोल्समध्ये वाहनांच्या यादीत 'स्पेशल कंट्रोल' नावाच्या चार दिशा आहेत, त्या न्यूमपॅडवर असतात. आय, जे, के, एल वर आणा, म्हणजे उजवा हात तिथे आणि डावा डब्ल्यू-ए-एस-डी वर. कळ आधी दुसऱ्या कशाला दिलेली नाही ना ते बघा. घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होतं, म्हणून आधी रिकाम्या हेलिकॉप्टरने इमारतीत शिरून पात्यांनी पहारेकरी संपवा, जिने पाठ करा, मगच पहिला बॉम्ब. एकूण चार आहेत.

चाळीतला_चीटकोड:
धागा वाचतोय. प्रिन्सबद्दल एक उपप्रश्न: बाराव्या पातळीवर सावली मरतच नाही. तिला मारलं की माझीच शक्ती कमी होते.

पिक्सेलपंत:
मरणार नाहीच, ती चौथ्या पातळीच्या आरशातून निघालेले तुम्हीच आहात. वार थांबवा आणि खालचा बाण दाबून तलवार म्यान करा. तीही करेल. मग तिच्या अंगावर सरळ धावत जा, दोघं एक होतात. पुढे डावीकडे पोकळीत न थांबता धावा, पायाखाली फरशा उमटत जातात. थबकून काठावरून डोकावू नका, वेळ जातो. आणि तिसऱ्या पातळीपासून कंट्रोल+जी ने सेव्ह होतं, ते बाराव्याच्या सुरुवातीलाच करून ठेवा, ६० मिनिटांतली किमान पाच हातात असताना.