मराठीत विचारलेल्या प्रश्नाला संगणकाने उत्तर द्यायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

करीरोडकर

नमस्कार मंडळी. एमएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट असा घेतलाय: मध्य रेल्वेच्या लोकलचं वेळापत्रक संगणकात भरायचं, आणि कुणी साध्या मराठीत प्रश्न टाइप केला की उत्तर यायला हवं. सरांची एकच अट आहे. तयार मोठं भाषा-मॉडेल वापरायचं नाही, आणि प्रोग्रामला प्रश्न कसा कळला ते पायरीपायरीने दाखवता आलं पाहिजे.

आतापर्यंत एवढंच जमलंय: प्रश्नातले शब्द सुटे करतो, त्यातली स्टेशनांची नावं आणि वेळ उचलतो, आणि ज्या ओळीत ती सगळी सापडतील ती ओळ दाखवतो. काल 'करी रोडहून दादरला जाणारी सकाळची पहिली गाडी' विचारलं, उत्तर आलं. मग 'दादरहून करी रोडला' विचारलं, तर तीच गाडी पुन्हा दाखवली. रात्री दोनपर्यंत बसलो, पण गाडं तिथेच अडलंय.

मित्र म्हणतात, हे साठ वर्षांपूर्वीचं काम आहे, आता कशाला उकरतोस? मला मात्र तेच जाणून घ्यायचंय. ज्यांनी हे पहिल्यांदा केलं त्यांनी कसं केलं? कुणी त्या काळातलं वाचलंय का?

अण्णांची धाकटी

वाचलंय, आणि थोडंफार करूनही पाहिलंय. १९८६ साली संगणकाच्या पदविकेला असताना मी अगदी हाच विषय घेतला होता, तोही लोकलच्या वेळापत्रकावरच. त्यामुळे तुझा प्रश्न वाचला आणि स्वयंपाक तसाच टाकून लिहायला बसले.

तू जिथे अडलास तिथेच रॉबर्ट सिमन्स अडले होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात, सांता मोनिकाला, त्यांनी लहान मुलांचा एक ज्ञानकोश संगणकात भरला आणि त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'किडे काय खातात?' नुसते शब्द जुळवले तर 'किडे गवत खातात' हे वाक्य सापडतं आणि 'पक्षी किडे खातात' हेही सापडतं. शब्द दोन्हीकडे आहेत, पण प्रश्नाचं उत्तर एकातच आहे. म्हणून त्यांनी दुसरी पायरी घातली. आधी शब्दांवरून वाक्यं गोळा करायची, मग प्रश्नात आणि वाक्यात कोणता शब्द कोणाशी कसा बांधलाय ते ताडून पाहायचं आणि न जुळणारी वाक्यं टाकून द्यायची. तुझी करी रोड-दादरची अडचण म्हणजे हेच किडे आणि पक्षी.

इंग्रजीत हे नातं बरंचसं शब्दाच्या जागेवरून कळतं. मराठीत जागा हलते, प्रत्यय हलत नाही. 'दादरला करी रोडहून' म्हटलं काय नि 'करी रोडहून दादरला' म्हटलं काय, अर्थ तोच. ('पक्षी किडे खातात' मध्ये दोन्ही नावांना प्रत्ययच नाही, तिथे मराठीही अडते. पण प्रवासाच्या प्रश्नांत '-हून' आणि '-ला' बहुतेक वेळा येतात, तेवढं तुझं नशीब चांगलं.) तू शब्द सुटे करताना प्रत्यय कापून फेकून देत असणार. ते फेकू नकोस. तुझं व्याकरण तिथेच आहे.

सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्ययाआधी नाव कसं बदलतं त्याचा, तक्ता मात्र हाताने करावा लागेल. दादर-दादरला सोपं आहे. पण ठाणे-ठाण्याहून, कुर्ला-कुर्ल्याला, भायखळा-भायखळ्याहून, मुंब्रा-मुंब्र्याला, दिवा-दिव्याहून. मी हे सगळं रोमन मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कारण आमच्या यंत्रावर देवनागरी नव्हती. फुलस्केप कागदाचे दोन ताव भरले होते.

आता पहिल्यांदा कुणी केलं, त्याबद्दल. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत बर्ट ग्रीन, अ‍ॅलिस वुल्फ, कॅरल चॉम्स्की आणि केनेथ लॉफरी या चौघांनी 'बेसबॉल' नावाचा प्रोग्राम केला. बेसबॉलच्या 'अमेरिकन लीग' स्पर्धेच्या एका हंगामातल्या सामन्यांची माहिती त्यात होती: महिना, दिवस, ठिकाण, संघ, धावा. प्रश्न छिद्रांच्या कार्डांवरून आत जायचा. '७ जुलैला रेड सॉक्स कुठे खेळले?' असं विचारलं की प्रोग्राम त्याची एक यादी करायचा: ठिकाण = ?, संघ = रेड सॉक्स, महिना = जुलै, दिवस = ७. मग हीच यादी घेऊन माहितीत शोधायचं आणि प्रश्नचिन्हाच्या जागी काय बसतं ते सांगायचं.

ही यादीच तू सरांना दाखव. तुझ्याकडे ती अशी होईल: गाडी = ?, कुठून = करी रोड, कुठे = दादर, वेळ = सकाळ, क्रम = पहिला. '-हून' दिसला की 'कुठून', '-ला' दिसला की 'कुठे'. तुझं उलटसुलट उत्तर इथेच थांबेल.

त्या चौघांनी काय घेतलं नाही तेही बघ. एका प्रश्नात एकच वाक्य. 'आणि', 'किंवा', 'नाही' यांना बंदी. 'सर्वात जास्त' असलं काही चालायचं नाही. एवढं बाजूला ठेवलं म्हणूनच जे ठेवलं ते नीट चाललं. तुझा 'पहिली गाडी' हासुद्धा त्याच बंदीतला प्रकार आहे, तेव्हा तो नंतर घे.

आता माझ्या अण्णांबद्दल, कारण त्यांच्याशिवाय माझा प्रोजेक्ट झाला नसता. अण्णा रेल्वेत चौकशी खिडकीवर होते. मी घरी बसून मनाने प्रश्न रचत होते, 'ठाण्याहून दादरला जाणारी जलद गाडी किती वाजता आहे?' अशा थाटाचे. अण्णांनी माझी वही वाचली आणि म्हणाले, "असं कोण विचारतं गं?" दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर, जेवणाच्या सुट्टीत आठवतील ते प्रश्न, लोकांनी विचारले तस्से, ते डायरीत उतरवून आणत. ती डायरी अजून माझ्याकडे आहे. पहिल्याच पानावर आहे: 'साडेआठच्या आधीची ठाण्याची कुठली?'

हा एक प्रश्न मला तीन दिवस पुरला. 'साडेआठ' म्हणजे ८:३०, 'पावणेनऊ' म्हणजे ८:४५, पण 'दीड' आणि 'अडीच' त्या नियमात बसत नाहीत, त्यांना वेगळं सांगावं लागतं. 'कुठली' म्हणजे कुठे जाणारी नव्हे, तर किती वाजताची. आणि 'ठाण्याची' म्हणजे काय? दादरला उभा असलेला माणूस ठाण्याला जाणारीबद्दल बोलतोय. ठाण्यात उभा असलेला माणूस ठाण्याहून सुटणारी विचारतोय, कारण त्यात बसायला जागा मिळते. अण्णा म्हणाले, "मला दिसतं ना तो कुठे उभा आहे ते. नाहीच कळलं तर मी विचारतो, ठाण्याला जाणारी की ठाण्याहून सुटणारी?" माझ्या प्रोग्रामला हे उलट विचारणं शिकवलं, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने चालू झाला असं मी मानते.

डाऊन धीमी

मला संगणकातलं काही कळत नाही, पण वीस वर्षं लोकलने जातेय. आम्ही सर्वात जास्त विचारतो तो प्रश्न म्हणजे 'ही लागलेली कुठली?' त्यात ना स्टेशन, ना वेळ. त्याचं काय करणार?

अण्णांची धाकटी

फार मोलाचा प्रश्न विचारलात ताई. याच्यासाठी टेरी विनोग्राड यांचं काम वाचावं लागेल. १९६८ ते १९७० मध्ये एमआयटीत त्यांनी 'श्रडलू' नावाचा प्रोग्राम केला. पडद्यावर एक टेबल, त्यावर रंगीत ठोकळे, पिरॅमिड आणि एक खोकं. 'तो', 'ते' असं म्हटलं तरी चालायचं, कारण टेबलावर या क्षणी काय कुठे आहे आणि आत्ताच कशाबद्दल बोलणं झालं, हे तो लक्षात ठेवायचा. 'पिरॅमिड उचल' म्हटलं आणि पिरॅमिड एकापेक्षा जास्त असले, तर कोणता ते मला कळलं नाही, असं सांगायचा. 'ही' चा अर्थ प्रश्नात नसतोच, तो फलाटावर असतो. करीरोडकर, विचारणारा कोणत्या स्टेशनावर, कोणत्या फलाटावर आहे आणि आत्ता किती वाजलेत, या तीन गोष्टी यादीत आधीपासून भरून ठेव.

पवईवाला

मी याच क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. ताईंचं सगळं पटतं, पण नियमांचा हा रस्ता छोट्या जगापुरताच आहे. वेळापत्रकाबाहेर पाऊल टाकलं की नियम लिहून हात मोडतात. १९९९ साली अमेरिकेत 'ट्रेक' या, मजकुरातून माहिती शोधणाऱ्या प्रोग्रामांच्या चाचणीमालेत प्रश्नोत्तरांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पहिल्या वर्षी २०० प्रश्न आणि समोर वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा डोंगर. प्रत्येक प्रश्नाला क्रमाने पाच उत्तरं द्यायची मुभा, आणि उत्तर म्हणजे मजकुराचा ५० किंवा २५० बाइटचा, म्हणजे साधारण तेवढ्या इंग्रजी अक्षरांचा, तुकडा. तिथे आधी प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ठरवायचं, म्हणजे माणूस, जागा, तारीख की आकडा, आणि मग मजकुरात त्या जातीचं काय सापडतं ते शोधायचं, ही रीत रुळली. करीरोडकरने ही बाजूही अहवालात मांडावी. आणि शब्दांचे अर्थसंबंध हवे असतील तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं मराठी वर्डनेट जरूर बघ.

अण्णांची धाकटी

पवईवाले, छोट्या जगाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण छोटं म्हणजे खोटं नव्हे, एवढंच माझं म्हणणं. विल्यम वूड्स यांचा 'लुनार' हा प्रोग्राम आठवा. अपोलो ११ ने आणलेल्या चंद्रावरच्या दगडांच्या रासायनिक पृथक्करणाची माहिती त्यात होती. जानेवारी १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या परिषदेत तो खुद्द भूवैज्ञानिकांसमोर ठेवला. त्यांनी आपल्याला हवं ते, आपल्या शब्दांत विचारलं. १११ प्रश्नांपैकी ७८ टक्के प्रश्नांना बरोबर उत्तरं आली, आणि शब्दकोशातल्या किरकोळ चुका सुधारल्यावर हा आकडा ९० टक्क्यांवर गेला. जग छोटं होतं, पण ते विचारणाऱ्यांचं स्वतःचं जग होतं. माझ्या प्रोग्रामने अण्णांच्या डायरीतल्या साठ प्रश्नांपैकी बावीसना उत्तर दिलं. माझ्या स्वतःच्या रचलेल्या प्रश्नांना तो सगळ्यांना द्यायचा. डायरी नसती तर मी त्यालाच यश समजून बसले असते.

एक राहिलं, आणि मला वाटतं हे सर्वात महत्त्वाचं. करीरोडकर, तुझ्याच स्टेशनचं घे. कुणी विचारलं, 'करी रोडला सकाळची जलद किती वाजता येते?' तुझा प्रोग्राम माहितीत शोधेल, काही सापडणार नाही, आणि म्हणेल, 'गाडी नाही.' विचारणाऱ्याला वाटेल, सकाळी नाही तर दुपारी असेल. खरं उत्तर आहे: 'करी रोडला जलद गाडी थांबतच नाही, दादरला धीमी पकडा.' पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेरोल्ड कॅप्लन यांनी १९७९ च्या आपल्या प्रबंधात याच गोष्टीवर काम केलं. अमुक सत्रात अमुक विषयात कोण नापास झालं असं विचारलं, आणि तो विषय त्या सत्रात शिकवलाच नसेल, तर 'कुणी नाही' हे उत्तर अक्षरशः खरं असूनही माणसाला फसवतं. प्रश्नात जे गृहीत धरलंय ते आधी तपासायचं, आणि तेच चुकीचं असेल तर ते सांगायचं. करायला अवघड नाही. यादीतला एकेक भाग काढून पुन्हा शोधायचं: 'सकाळ' काढून बघ, सापडतं का? नाही. आता 'जलद' काढ. सापडलं? मग अडचण 'जलद' मध्ये होती.

अण्णा खिडकीवर हे रोज करत. कुणी 'करी रोडची फास्ट' विचारली, तर नुसतं 'नाही' म्हणून त्यांनी कधीच पाठवलं नाही. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

करीरोडकर

ताई, काय बोलू. काल रात्री आधी '-हून' आणि '-ला' लावून पाहिलं. दोन्ही प्रश्नांना दोन वेगळ्या गाड्या आल्या, बरोबर आल्या. आज सकाळी वही घेऊन करी रोडच्या पुलावर पाऊण तास उभा होतो. सतरा प्रश्न ऐकू आले. त्यातले चार माझ्या प्रोग्रामला कळतात. दोघांनी मलाच विचारलं, 'दादरला फास्ट मिळेल ना?' हा यादीत कसा लिहायचा? त्यात 'ना' आहे, आणि त्या दोघांना वेळ नको होती.

अण्णांची धाकटी

त्यांना हवं होतं की ही धीमी पकडली तर दादरला उतरून पुढची जलद गाठता येईल का. म्हणजे दोन गाड्या आणि मध्ये पूल चढण्या-उतरण्याची मिनिटं. यादी एक नाही, दोन लागतील, आणि पहिलीतली 'कुठे' दुसरीतली 'कुठून' होईल. बाकीचे सोळा इथे टाक, रात्री बघते. डायरीतली काही पानंही फोटो काढून पाठवते, अक्षर लागलं नाही तर विचार.