मदत हवी आहे: सुपरमूनला ग्रहण लागायची शक्यता जास्त असते का?

नमस्कार मंडळी,

पुतणी नववीत आहे. तिचा ग्रहणावर प्रकल्प आहे आणि "मी दाखवतो" असं मी मोठ्या तोंडानं सांगून बसलोय. बास्केटबॉल ही पृथ्वी, टेनिसचा चेंडू हा चंद्र. प्रमाण झकास जुळतं. त्याच मापानं दोघांमधलं अंतर काढलं तर निघालं सव्वासात मीटर! पुस्तकातल्या चित्रांत दोघं एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे आधी वाटलं माझाच भागाकार चुकला. तीनदा तपासला. शेवटी तिला चेंडू देऊन गॅलरीच्या पार टोकाला उभं केलं.

चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण नाही, हे तिला लगेच पटलं. मग म्हणाली, "काका, सुपरमूनला चंद्र जवळ असतो ना? मग तेव्हा सावलीत सापडायला सोपा?" मी ठोकून दिलं, "हो."

रात्री शंका आली. २८ सप्टेंबर २०१५ ला सुपरमून आणि खग्रास ग्रहण एकत्र होतं, हे माझ्या बाजूनं. पण २७ जुलै २०१८ चं ग्रहण, या शतकातलं सर्वांत लांबलेलं खग्रास चंद्रग्रहण, नेमकं चंद्र सर्वांत दूर असताना झालं. आता तिला काय सांगू?

प्रतिसाद १

"हो" मागे घ्या. :) जवळ-दूर ही एक भानगड, वर-खाली ही दुसरी. पौर्णिमा येते २९.५३ दिवसांनी. उपभू, म्हणजे सर्वांत जवळचा बिंदू, येतो २७.५५ दिवसांनी. आणि चंद्र त्याच पातबिंदूवर (चंद्राची कललेली कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला छेदते ते दोन बिंदू, राहू-केतू म्हणतात ते हेच) परततो २७.२१ दिवसांनी. सुपरमूनसाठी पहिल्या दोघांची गाठ पडावी लागते, ग्रहणासाठी पहिल्या आणि तिसऱ्याची.

तुमच्या मॉडेलमध्ये बघा. पाच अंश म्हणजे सव्वासात मीटरवर चेंडू ६५ सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली. आणि तिथे पृथ्वीची गडद सावली केवळ १७ सेंटिमीटर रुंद! चेंडू चुकणारच. जवळ-दूरचा फरक सुमारे एक मीटरचा, ६.७ पासून ७.६५ पर्यंत.

२०१८ चं उत्तरही यातच आहे. दूरचा चंद्र सावकाश चालतो आणि त्या दिवशी तो सावलीच्या जवळपास मधोमध गेला. म्हणून खग्रास अवस्था १ तास ४३ मिनिटं टिकली. २०१५ ला १ तास १२ मिनिटं.

प्रतिसाद २

वरचं बरोबर, पण पोरीला अगदीच खोटं पाडू नका. पृथ्वीची सावली शंकूसारखी निमुळती होत जाते, म्हणून जवळ ती जरा रुंद असते: ६.७ मीटरवर पावणेअठरा सेंटिमीटर, ७.६५ वर सतरालाही थोडी कमी. शिवाय कोन तोच असला तरी जवळचा चेंडू कमी उंचीवर असतो. म्हणजे शक्यता वाढते, पण किंचितच. पातबिंदू लांब असेल तर सुपरमूनही कोरडाच जातो.

सूर्यग्रहणात मात्र जवळ-दूरवर सगळं अवलंबून. चंद्र जवळ असेल तर सूर्य पूर्ण झाकतो. दूर असेल तर कडा उरते आणि ग्रहण कंकणाकृती होतं.

आणखी एक गंमत: २२३ पौर्णिमांत उपभूच्या सुमारे २३९ आणि पाताच्या सुमारे २४२ फेऱ्या बसतात. हाच सारोस, म्हणजे जवळपास तसंच ग्रहण पुन्हा येण्याचा काळ, १८ वर्षं आणि ११ दिवसांच्या आसपासचा. त्या हिशेबानं २०१५ च्या ग्रहणाचं भावंड ८ ऑक्टोबर २०३३ ला येतंय. तेही खग्रास, तेही सुपरमून.

धागाकर्ता

दोघांचेही आभार! "थोडंसं हो" ऐकून स्वारी खूश आहे, मी निम्मा हरलो असं तिचं मत. आता ६५ सेंटिमीटर वर चेंडू धरायला तिला स्टुलावर चढवलंय आणि सावलीच्या जागी १७ सेंटिमीटरची पुठ्ठ्याची चकती टांगलीय. पहिल्या सात "पौर्णिमांत" एकही ग्रहण लागलं नाही. तिला तेच सगळ्यात जास्त आवडलंय.