मालवणचं सागरी अभयारण्य: मोहीम नेमकी कशासाठी करायची?

खडपवाला (धागाकर्ता)

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौ. किमी समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातला ३.१८ चौ. किमी गाभा: किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूची खडपं, म्हणजे समुद्रातले खडक. या अभयारण्यासाठी पुन्हा लोकमोहीम उभी राहायला हवी असं माझं ठाम मत आहे, फक्त मागणी बदलून. 'कोकणचा समुद्र वाचवा' अशा मथळ्याखाली हजारो सह्या जमतात आणि फाइलीत जातात, कारण कुणी, कुठे, काय करायचं हेच त्या अर्जात नसतं.

मागणी अशी हवी: अमुक खडप, त्याच्या चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, ओहोटीला किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी, भोवती २०० मीटर, पाच वर्षं ना जाळं ना गळ. असे तीन-चार तुकडे पुरेत.

लहान तुकडा का? गोबरा, तांबोशी हे खडपाला धरून राहणारे मासे. गोबरा आधी मादी असतो, मोठा झाल्यावर त्यातल्या काहींचे नर होतात. गळाला थोराड मासा आधी लागतो, म्हणजे नरच आधी संपतात आणि उरलेल्या माद्यांची अंडी फळत नाहीत. अशा माशाला २०० मीटरचा आसरासुद्धा उपयोगी पडतो. बांगडा, तारली, इसवण हे फिरते मासे. खडप राखल्याने तेही वाढतील असं मोहिमेत कुणी सांगू नये. ते खोटं ठरतं आणि मग खरं सांगितलेलंही कुणी ऐकत नाही.

मेक्सिकोतलं काबो पुल्मो १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. सुमारे ७१ चौ. किमी, त्यातल्या साधारण ३५ टक्के भागात मासेमारी पूर्ण बंद. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. राखण केली ती गावातल्याच मच्छीमार कुटुंबांनी.

रापणीची दोरी

विरोध आहे, आणि कारणं देऊन आहे.

काबो पुल्मो हे मोजक्या घरांचं गाव. मालवणात दांडी, धुरीवाडा, मेढा, सर्जेकोट, वायरी, तारकर्ली, देवबाग या सगळ्यांचं पोट याच पाण्यावर. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) आहे, गिलनेट (पाण्यात उभं लावायचं जाळं) आहे, गळ आहे, ओहोटीला खडपावर कालवं काढणाऱ्या बाया आहेत. २०० मीटर बंद म्हणजे त्या बायांची पायवाट बंद. तुमच्या अर्जात त्या कुठेच नाहीत.

दुसरं, 'अभयारण्य' या शब्दाचीच धास्ती आहे. १९८७ ची घोषणा ही वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीआधीची. मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपण्याची अट कायद्यात आली ती त्या दुरुस्तीने. त्यामुळे इथे विश्वासाची सुरुवातच उणे आकड्यातून होते.

आणि मासा संपवतं कोण? गळवाला नव्हे. ट्रॉलच्या, म्हणजे यांत्रिक नौकेमागे ओढायच्या जाळ्याचा शेवटचा खोला पाहा, मासा साठतो ती पिशवी. साध्या आसाचं (आस म्हणजे जाळ्याचा डोळा) जाळं ओढ पडली की मिटतं, समभुज आस लांबट होऊन फटीसारखा बारीक उरतो आणि बोटभर पिल्लूसुद्धा आत अडकतं. म्हणून ४० मिमी चौकोनी आस सांगितला आहे, तो ओढीतही उघडा राहतो. तो वापरला जातो का, हे बंदरावर खोला हातात धरून, ताणून, पट्टीने मोजल्याशिवाय कळत नाही. मोहीम करायची तर त्या मोजणीसाठी करा.

कायदे कमी नाहीत. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला (थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) फक्त सप्टेंबर ते डिसेंबर आणि तेही ठरवून दिलेल्या पट्ट्यातच मुभा आहे. प्रकाशझोतातल्या मासेमारीवर केंद्राची बंदी २०१७ पासून. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेला आणि सुनावणी तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आली. नवी रेषा आखण्याआधी जुन्या रेषेवर गस्तीची नौका आणा.

कलम अठरा

दोघांचंही थोडं सुटतंय.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं कलम २६-अ नीट वाचा. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा तर केंद्राची पूर्वसंमती लागते, हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत करून ठरते, आणि स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपण्याची पुरेशी व्यवस्था केल्यानंतरच ठरते. 'केल्यानंतर', हा शब्द मोहिमेने धरून ठेवावा. त्याच कलमात होड्यांच्या निर्धोक ये-जा करण्याच्या हक्काला धक्का लागणार नाही असंही आहे. ही ओळ मालवणीत छापून घरोघर वाटली तरी 'होडी न्यायलाच बंदी येणार' ही अर्धी भीती जाईल.

दुसरी वाट कलम ३६-अ ची: संवर्धन राखीव. पाल्कच्या उपसागरात तमिळनाडूने २०२२ मध्ये ४४८ चौ. किमीचं डुगाँग (समुद्री गाय) संवर्धन राखीव याच वाटेने केलं. निर्बंध अभयारण्यापेक्षा सौम्य आणि स्थानिकांशी विचारविनिमय सक्तीचा. पण खोट कुठे आहे तेही सांगतो. त्याच्या व्यवस्थापन समितीत वन खातं, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक, स्वयंसेवी संस्थांचे तीन, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असतो. मत्स्यव्यवसाय खात्याचं नाव त्यात नाही, मच्छीमार सोसायटीचं नाही. मालवण शहर नगरपरिषदेत आहे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर दांडी-धुरीवाड्याला जागाच नाही. मोहिमेची पहिली मागणी समितीत मत्स्यव्यवसाय खातं आणि मच्छीमार सोसायटी या दोन जागा अशी असायला हवी.

जाता जाता, आंग्रिया बँकही संरक्षित करा या मागणीबद्दल. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किमी आत समुद्रात, पाण्याखाली साधारण २० मीटरवर असलेलं ते प्रवाळाचं पठार. राज्याची हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे २२ किमी. त्यापलीकडे राज्याचं वन खातं काही जाहीर करू शकत नाही. तिथे १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमाच्या कलम ७ खाली केंद्राने 'नियुक्त क्षेत्र' ठरवावं लागेल. आंग्रियासाठीचे अर्ज मुंबईला पाठवणं म्हणजे चुकीचं दार ठोठावणं.

बोयाखाली

पर्यटनाबद्दल कुणीच बोलत नाही, आणि गाभ्यातलं रोजचं नुकसान तिथेच आहे.

स्नॉर्केलिंगची होडी प्रवाळावर नांगर टाकते. नांगर पडतो तिथे एक घाव बसतो, पण खरी मोडतोड साखळी करते. वारा फिरला की होडी फिरते आणि साखळी तळाशी गोल घासत जाते. ताटासारखं वाढणारं प्रवाळ त्यात तुकडे होऊन पडतं, गोल दगडासारख्या प्रवाळाची वरची जिवंत साल खरवडली जाते. त्यावर शेवाळ चढलं की साल पुन्हा धरत नाही.

उपाय कायमचा बोया, म्हणजे नांगर न टाकता होडी बांधायचा तरंगता गोळा. वजन प्रवाळावर नको, मधल्या वाळूच्या पट्ट्यात ठेवायचं. दोर तळाशी लोळू नये म्हणून मध्यावर एक छोटा तरंगता गोळा बांधायचा. भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, तेवढी ढील ठेवायची, जास्त नाही. शॅकलची (दोर जोडायची लोखंडी कडी) पिन तारेने बांधायची, नाहीतर लाटेच्या हिसक्यांनी ती आपोआप फिरून सुटते. मे अखेरीस वरचा भाग काढून घ्यायचा, पहिल्याच पावसाळी उधाणात तो जातो. माशांना पाव-बिस्किटं टाकणंही थांबायला हवं, त्याने खडप खरवडून शेवाळ खाणारे मासे होडीमागे धावायला लागतात.

रापणीची दोरी

@बोयाखाली, हे पटलं, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. गाभ्यात गळवाल्याला बंदी आणि पर्यटकांच्या होड्यांना मोकळीक, याला संरक्षण म्हणत नाहीत. एकाला उठवून दुसऱ्याला बसवणं म्हणतात. आधी एक हंगाम बोये लावा, नांगर बंद करा. मग गळाचं बोलू.

भरपाईचंही बोला. कासव जाळ्यात अडकलं तर जाळं कापून ते सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, कापलेल्या जाळ्याचा आणि सोडलेल्या जिवाचा फोटो जोडून अर्ज करायचा. नुकसान कुणाचं हे त्या योजनेत आधीच मान्य केलंय, म्हणून जाळ्यावर सुरी चालते. खडप पाच वर्षं बंद राहिलं तर त्या गळवाल्याच्या हातात काय, याचा आकडा तुमच्या मागणीत नाही.

खडपवाला

@रापणीची दोरी, कालवांचा आणि भरपाईचा मुद्दा मान्य. मागणी बदलतो. भरतीच्या रेषेपासून चालत पोचता येतं ते खडप बंद करायचं नाही, हातांनी कालवं काढणं सगळीकडे चालू. बंद फक्त ओहोटीलाही दोन वावांहून जास्त पाणी असलेली खडपं. त्यावर कोण कुठल्या महिन्यात गळ टाकतं याची यादी सोसायटीने करायची, भरपाई त्याच यादीप्रमाणे. बोये पहिल्या ऑक्टोबरपासून, गळबंदी पुढच्या वर्षी.

एक आग्रह मात्र सोडत नाही. बंद करण्याआधी आणि नंतर दरवर्षी जानेवारीत, पाणी नितळ असताना, प्रत्येक खडपावर त्याच ५० मीटर दोरीच्या दोन्ही बाजूंचे मासे मोजायचे, आणि न बंद केलेल्या दोन खडपांवरही. ते नसेल तर पाच वर्षांनी फायदा बंदीने झाला की त्या साली पाणीच चांगलं होतं, हे सांगता येणार नाही.

रापणीची दोरी

मोजणीला सोसायटीचे दोघे होडीत हवेत, आणि आकडे त्याच संध्याकाळी दांडीच्या फळ्यावर लिहायचे. सह्यांचा कागद त्यानंतर आणा.